२१ मार्च: वर्णभेदाविरुद्धच्या शांत मोर्चांचे फोटो कसे काढायचे, कसे मांडायचे?

पंचगंगाकाठ (२ मार्च, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. येत्या २१ मार्चला सकाळी साडेआठला कोल्हापुरात दसरा चौकातून बिंदू चौकापर्यंत मूकफेरी आहे. विषय जगभरचा वर्णभेद. संध्याकाळी बिंदू चौकात मेणबत्त्या लावून तासभर बसायचं. मग २४ तारखेपासून तीन दिवस फोटो प्रदर्शन, एकूण २४ फ्रेम: निम्म्या जगभरच्या शांत मोर्चांच्या, निम्म्या आपल्या फेरीच्या.

तारीख का निवडली तेही सांगते. २१ मार्च १९६० ला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पासच्या कायद्याविरुद्ध (कृष्णवर्णीयांनी पासबुक सतत जवळ बाळगायची सक्ती) जमलेल्या नि:शस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अधिकृत आकड्यानुसार ६९ माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांनी १९६६ मध्ये हा दिवस वांशिक भेदभाव निर्मूलनाचा दिवस ठरवला. २१ मार्च १९६५ ला अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी सेल्मा ते मॉन्टगोमेरी हा मोर्चा निघाला. आणि २१-२२ मार्च १९२० ला आपल्या जिल्ह्यातच बहिष्कृत वर्गाची माणगाव परिषद भरली, शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंचावर. जात आणि वंश एकच नव्हेत, पाटीवर तसं स्पष्ट लिहूच. पण कोल्हापूरकराला ही तारीख परकी नाही.

फोटो काढणारे बारा जण आहेत, त्यातल्या सात जणांकडे फक्त फोन. जाणकारांनी नेमकं सांगावं: सेटिंग काय ठेवायचं, कुठे उभं राहायचं, काय चुकतं आणि का. "मनापासून काढा" असं नको, आकडे द्या.

एफ_आठ (रात्री ९.५५)

ताई, आधी उजेडाचं बघू. जास्तीत जास्त फोटो तिथेच वाया जातात.

फेरी साधारण दक्षिणेला चालणार, म्हणजे सकाळचं ऊन मोर्चेकऱ्यांच्या डाव्या अंगाला. त्या दिवशी सूर्य उगवतो पावणेसातच्या जरा आधी. साडेआठ ते साडेनऊ ऊन तिरकं असतं, चेहऱ्याला उठाव येतो. दहानंतर डोळ्यांच्या खोबणीत सावली साचायला लागते. पावणेएकच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर, तेव्हाच्या चेहऱ्यांत डोळेच दिसत नाहीत. तुम्ही रस्त्याच्या पूर्वेच्या कडेला, फेरीच्या थोडं पुढे राहा. पश्चिमेला गेलात की चेहरे सावलीत आणि मागचं आकाश पांढरं फटक.

उन्हात मॅन्युअलवर आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) २००, एफ/८ (लेन्सचं छिद्र किती उघडं), १/५०० (शटरचा वेग, सेकंदात) यापासून सुरुवात करा. पूर्वेकडच्या इमारतींची सावली सकाळी अर्ध्या रस्त्यावर पडते. फेरी त्या सावलीत शिरली की आयएसओ ८०० आणि १/२५०, म्हणजे बरोबर तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). हे दोन आकडे पाठ करा. ऊन-सावलीच्या पट्ट्यात ऑटोवर सोडलंत तर दर फ्रेमला उजेड वेगळा येतो आणि नंतर बारा फोटो एका रांगेत लावले की ते डोळ्याला खुपतं.

आता मुख्य गोष्ट, मीटर. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं समजतो. मोर्चात समोर असतात पांढरे फलक. मीटर त्यांना करडं करायला उजेड कमी करतो आणि फलकामागचा सावळा चेहरा काळाठिक्कर होतो. ऑटो एक्स्पोजरवर असाल तर अशा वेळी एक्स्पोजरची भरपाई +२/३ ते +१ स्टॉप द्या. उलट स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणारा) थेट गडद चेहऱ्यावर धरलात तर कॅमेरा त्यालाही करडं करायला जातो, चेहरा राखेसारखा उतरतो. तिथे -२/३ ते -१. दोन्हीकडे चूक एकच: कॅमेऱ्याला चेहरा कळत नाही, आपल्याला कळतो.

हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे गडद, उजवीकडे उजळ) बघताना चेहऱ्याची उजेडाकडची बाजू मध्याच्या थोडी डावीकडे हवी, पण डाव्या भिंतीला चिकटलेली नको. रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मध्ये काढा. सावली दीड-दोन स्टॉप उचलता येते. त्यापुढे गेलात तर गालावर रंगीत दाणे दिसतात.

तिकटी_कट्टा (रात्री १०.४०)

वरच्याला पूर्ण अनुमोदन. एक जोड देतो. ही चूक फक्त मीटरची नाही, फिल्मच्या काळापासूनची आहे. लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅक जे नमुना-कार्ड पाठवायचं त्यावर गोरी बाई असायची, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. सगळी मोजमापं गोऱ्या कातडीवर बसवलेली. एका फ्रेममध्ये गोरा आणि काळा माणूस आला की काळ्या माणसाचे फक्त डोळे आणि दात दिसायचे. गडद तपकिरी छटा नीट येत नाहीत म्हणून फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा कुठे फिल्ममध्ये सुधारणा झाली. प्रदर्शनात यावर एक पाटी हवीच.

आता अंतर. लांब लेन्स आणू नका. १९६३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये नि:शस्त्र मुलांवर पाण्याचे फवारे आणि कुत्रे सोडले, त्याचे चार्ल्स मूरचे फोटो बघा. जवळून, रुंद लेन्सने काढलेत, म्हणून बघणारा स्वतः रस्त्यावर उभा असल्यासारखा वाटतो. २०० मिमीने माणसं एकमेकांवर चिकटतात आणि शांत चाललेली रांगसुद्धा दाटीवाटीची झुंड वाटते. विषय शांततेचा असताना ही सरळ सरळ खोटी साक्ष होते.

३५ मिमी, एफ/८, फोकस हाताने ३ मीटरवर ठेवा. फुल फ्रेमवर (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) साधारण १.९ ते ७ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. ऑटोफोकस पुढच्या फलकाला धरतो आणि मागचा चेहरा सुटतो, ती कटकटच संपते. त्याहून लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर असेल तर २३ किंवा २४ मिमी घ्या. चालणाऱ्यांना १/२५० पुरतं, हात हलत असतील तर १/५००.

एफ_आठ (रात्री १०.५२)

फोकसची रिंग ३ मीटरवर आणली की कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. गर्दीत कोपर लागून ती हलते आणि घरी येईपर्यंत कळत नाही.

शाहूपुरी_सातवी (३ मार्च, सकाळी ७.२०)

फोनवाल्यांसाठी पण लिहा ना कुणीतरी.

मॅट_पेपर (सकाळी ८.०५)

फोनने उत्तम काम होतं, फक्त चार गोष्टी सांभाळायच्या.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: ब्यूटी मोड बंद. तो बऱ्याच फोनमध्ये आपोआप चालू असतो आणि चेहरा गुळगुळीत करून उजळवतो. वर्णभेदाविरुद्धच्या फेरीत चाललेल्या सावळ्या बाईला आपल्याच फोनने गोरी करून टाकणं, यासारखी दुसरी चूक नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये ही सोय वेगळी लपलेली असते, तिथेही शून्यावर आणा. घरी एक चाचणी करा: सावलीत उभ्या माणसाचा चेहरा आणि त्याचाच पालथा हात एका फ्रेममध्ये घ्या. दोघांचा रंग वेगळा आला तर फिल्टर कुठेतरी चालू आहे.

दुसरी: बोटाने झूम करू नका. मुख्य लेन्स साधारण २४-२६ मिमी असते, तीच वापरा आणि पावलांनी जवळ जा. अतिरुंद लेन्समध्ये कडेचे चेहरे ताणले जातात.

तिसरी: चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो. मग खालीवर सरकवून उजेड ठरवा.

चौथी: व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून पाठवू नका. आकार घटतो आणि तारीख-वेळेची आतली नोंद पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा केबलने काढा. निघण्याआधी लेन्स सुती रुमालाने पुसा, खिशातल्या घामाचा थर असला की उन्हात सगळा फोटो दुधाळ येतो.

पंचगंगाकाठ (सकाळी ९.३०)

फार उपयोगी. एक मतभेद आमच्यातच चाललाय. काही जण म्हणतात सगळे फोटो कृष्णधवल करू, जगभरच्या जुन्या फोटोंशी जुळतील. काय वाटतं?

तिकटी_कट्टा (सकाळी १०.१५)

मी कृष्णधवलच्या बाजूने. सेल्माच्या मोर्चाचा जेम्स कारालेसचा फोटो बघा: खालून घेतलेला, क्षितिजावर एका रांगेत चालणारी माणसं, पुढे झेंडा, वर वादळी ढग. त्यात रंग असते तर लक्ष कपड्यांवर गेलं असतं.

मॅट_पेपर (सकाळी ११.००)

दादा, माझा विरोध आहे. जुने फोटो कृष्णधवल कारण त्या काळी वृत्तपत्रं तशी छापायची. आजचा फोटो मुद्दाम तसा केला की बघणाऱ्याला वाटतं हे सगळं केव्हाच संपलं. गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय फोटोग्राफरने १९५६ मध्येच अमेरिकेतल्या अलाबामातला भेदभाव रंगीत फिल्मवर टिपला. लहान मुलीचा इस्त्रीचा फ्रॉक, डोक्यावर 'कलर्ड' अशी लाल पाटी. रंग आहेत म्हणून ते घर, ते दुकान आपल्या शेजारचं वाटतं.

आणि एक तांत्रिक धोका. कृष्णधवल करताना नारिंगी रंगाचा स्लायडर वर नेला की तपकिरी कातडी उजळते, खाली आणला की काळवंडते. फोटो 'उठावदार' करण्याच्या नादात माणसाचा वर्ण बदलतो. करायचंच असेल तर नारिंगी आणि लाल शून्यावर ठेवून फक्त एकूण उजेड बदला.

तिकटी_कट्टा (सकाळी ११.२०)

स्लायडरचा मुद्दा पटला. आपल्या फेरीचे रंगीत, जुने जसे आहेत तसे. ठरवून टाका ताई.

एफ_आठ (दुपारी १.४०)

मूकफेरी म्हणून बरेच जण मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावतील. सकाळी उन्हात हरकत नाही. संध्याकाळी मात्र घात होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. इलेक्ट्रॉनिक शटर फ्रेम वरून खाली ओळीओळीने वाचतं, त्यामुळे चेहऱ्यांवर आडवे काळपट पट्टे येतात. ते नंतर निघत नाहीत. म्हणून संध्याकाळी मेकॅनिकल शटर आणि वेग १/१०० किंवा १/५०. आवाज होईल, तर कमी फोटो काढा.

मेणबत्ती चेहऱ्यापासून एक-दीड फुटावर असेल तर एफ/२, १/१००, आयएसओ ३२००. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको, ३००० केल्विनला बांधून ठेवा. ज्योतीचा उबदार रंग राहतो आणि दर फ्रेमला बदलत नाही. फ्लॅश पूर्ण बंद, फोनचासुद्धा. ज्योत जळून पांढरी झाली तरी चालेल, चेहरा सांभाळा.

रंकाळा_४१६०१२ (दुपारी ३.१०)

मला बोलायचंय ते चेहऱ्यांबद्दल. शांत मोर्चाचा फोटो म्हणजे साक्ष, आणि साक्षीचे दोन उपयोग होतात. इयान बेरीने 'ड्रम' मासिकासाठी शार्पव्हिलला काढलेल्या फोटोंत लोक पळताना दिसतात, पाठ पोलिसांकडे. जमाव चालून आला हा दावा त्या फोटोंपुढे टिकला नाही. पण तोच चेहरा उद्या एखाद्याच्या नोकरीवर उठू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या हातून कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यावर जगभर मोर्चे निघाले, तेव्हा फोटोग्राफरांमध्ये हाच वाद झाला: चेहरे झाकावेत की नाही.

माझं मत: छापताना चेहरा झाकून फोटो खोटा करण्यापेक्षा काढतानाच ठरवा. पुढच्या रांगेत फलक धरून चालणाऱ्याला आपण दिसणार हे माहीत असतं. कडेला उभं राहून बघणाऱ्याला नसतं. शाळेच्या गणवेशातल्या मुलांचे ओळखू येणारे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत. ज्याला चेहरा नको त्याचे हात, पाऊल, पाठमोरी रांग घ्या. झाकायचाच झाला तर पूर्ण काळा चौकोन. फोनवरचा धूसर ब्रश अनेकदा इतका पातळ असतो की ओळख पटते. इंटरनेटवर टाकण्याआधी फोटोतली जागेची नोंद काढा, मूळ फाइलमध्ये मात्र ठेवा.

कुणालाही "जरा मूठ वर करा" म्हणू नका. उभा करून काढलेला फोटो या विषयात शून्य किमतीचा.

तिकटी_कट्टा (दुपारी ४.००)

उभं न करता काय मिळतं याचा नमुना म्हणजे ९ जुलै २०१६ चा, अमेरिकेतल्या बॅटन रूजमधला जोनाथन बाकमनचा फोटो. मोर्चा होता पोलिसांच्या गोळीने मेलेल्या कृष्णवर्णीयांसाठी. आयेशा इव्हान्स नावाची परिचारिका रस्त्यात उभी. अंगात पातळ उन्हाळी झगा, वाऱ्यावर किंचित उडालेला, पाय जमिनीत रोवल्यासारखे. समोरून चिलखत आणि हेल्मेट घातलेले दोन पोलीस धावत आलेत, पण त्यांची शरीरं मागे रेललीत, जणू तिनेच त्यांना थोपवलंय. मागे पोलिसांची भिंत. दोन्ही बाजूंच्या मध्ये मोकळा डांबरी रस्ता आहे, फोटोचा सगळा जोर त्या मोकळ्या जागेत आहे. तीच कापून टाकली की उरते एक अटक.

क्रॉपबद्दल आणखी एक. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको ऑलिंपिक, जॉन डॉमिनिसचा फोटो. पदक घेताना अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, काळा हातमोजा घातलेल्या मुठी वर. पुष्कळ ठिकाणी तिसरा माणूस कापलेला असतो. तो ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन. त्याच्या छातीवरही तोच मानवी हक्कांचा बिल्ला आहे आणि त्यामुळे मायदेशात त्याच्यावर टीका झाली. कडेचा माणूस कापण्याआधी त्याच्या छातीवर काय आहे ते बघा.

पंचगंगाकाठ (सायंकाळी ७.३०)

वाचताना अंगावर काटा आला. आता व्यवहाराचं. हे फोटो असेच इंटरनेटवरून उतरवून लावता येतील का?

रंकाळा_४१६०१२ (रात्री ८.१५)

नाही. बाकमनचा फोटो रॉयटर्स वृत्तसंस्थेचा, डॉमिनिसचा 'लाइफ' मासिकाचा. परवान्याशिवाय लावू नका, तिकीट नसलं तरी. १६ जून १९७६ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत पोलिसांच्या गोळीने मेलेल्या शाळकरी हेक्टर पीटरसनचा फोटो घ्या. सॅम न्झिमाने ती फिल्म पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून मोज्यात लपवली आणि पुढे स्वतःच्या फोटोचा हक्क मिळायला त्यांना १९९८ पर्यंत थांबावं लागलं. अशा माणसाचं काम फुकट उचलणं बरं नव्हे.

मोकळे फोटो भरपूर आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 'यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट'चा संग्रह आहे, वॉरन लेफ्लर, मॅरियन ट्रिकोस्को वगैरेंनी काढलेला. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे उत्तम फोटो त्यात आहेत. प्रत्येक फोटोच्या पानावर हक्कांची ओळ वाचा आणि जेपीजी सोडून टिफ (तपशील न गमावणारी मोठी फाइल) उतरवा. त्याच मोर्चाचे रोलंड शर्मनचे फोटो अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तेही मोकळे. विकिमीडिया कॉमन्सवरच्या फोटोंना बहुधा नाव आणि परवाना छापावा लागतो, तो पाटीवरच छापा.

एक पाटी फोटोशिवाय करा: पोलरॉइडची. ज्या पासविरुद्ध शार्पव्हिलला लोक जमले, त्या पासबुकात फोटो लागायचा. तो झटपट काढायला दक्षिण आफ्रिकेत पोलरॉइडची यंत्रणा वापरली जात होती. १९७० मध्ये त्याच कंपनीतल्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोघा कृष्णवर्णीयांना हे कळलं. त्यांनी पत्रकं लावली, बहिष्काराची हाक दिली, नोकऱ्या गमावल्या. १९७७ मध्ये कंपनी तिथून बाहेर पडली. कॅमेरा दोन्ही बाजूंनी चालतो हे बघणाऱ्याला कळायला हवं.

मॅट_पेपर (रात्री ९.००)

छपाईचं माझ्याकडे घ्या. १२ बाय १८ इंच, फोटोच्या ३:२ मापाला बरोबर बसतो. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे १९-२० मेगापिक्सेल. दोन हात अंतरावरून बघायचं तर २०० पीपीआय, २४०० बाय ३६०० चालतं. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो सहज पुरतो. बहुतेक फोन ४:३ मध्ये काढतात, त्यामुळे वरून-खालून थोडं जाणार. फलकाच्या वर जागा सोडूनच काढा.

कागद मॅट. चकचकीत कागदावर सभागृहातले दिवे दिसतात आणि नेमकी गडद जागा दिसेनाशी होते. मागे ५ मिमी सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड). फ्लेक्सवर छापू नका, त्यावर सावळ्या रंगातल्या छटा मिसळून एक डाग होतो.

लॅबला फाइल एसआरजीबी (नेहमीची रंगपद्धत) जेपीजीमध्ये द्या आणि ऑर्डरवर ठळक लिहा: "करेक्शन नको". न सांगता चेहरे उजळवायची बऱ्याच ठिकाणी सवय असते, लग्नाच्या अल्बममुळे ती अंगवळणी पडली आहे. आधी तीन फोटोंची ४ बाय ६ ची चाचणी काढा: उन्हातला, सावलीतला, मेणबत्तीचा. ती सभागृहाच्या दिव्यांखाली नेऊन बघा. स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो, म्हणून छापील फोटो हमखास गडद येतो. गरज पडली तर सगळ्या फाइलींचा उजेड सारखाच वाढवा, फक्त चेहऱ्यांचा नको. २२ ला चाचणी, २३ ला सकाळी पूर्ण ऑर्डर.

एफ_आठ (रात्री ९.२०)

२० तारखेला रात्री बाराही जणांनी घड्याळं एकत्र जुळवा. सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच फोनच्या सेकंद दिसणाऱ्या घड्याळाचा फोटो काढायचा. नंतर क्रम लावताना तोच फोटो आधार. दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हीवर एकदम लिहा. फेरी संपल्यावर बिंदू चौकातच एका लॅपटॉपवर उतरवा. मूळ फाइलींना हात लावू नका, कामाची प्रत वेगळी.

पंचगंगाकाठ (१० मार्च, रात्री ८.४५)

लेफ्लर यांचा वॉशिंग्टनचा फोटो उतरवला, फाइल सुंदर आहे. फोटोओळ अशी लिहिली आहे, चालेल का? "हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेला अमेरिकेतील संतप्त कृष्णवर्णीय जमाव, १९६३."

रंकाळा_४१६०१२ (रात्री ९.३०)

ताई, ही ओळ बदलाच. फोटो मोठा करून बघा. माणसं नीटनेटक्या कपड्यांत, फलक सरळ धरून, रांगेने चालली आहेत. 'संतप्त' कुठे दिसतं? 'जमाव' हा शब्द तर पोलिसांच्या नोंदीतला. आणि फलकांवर मागण्या स्पष्ट वाचता येतात, त्या तुमच्या ओळीत नाहीतच. दिसतं ते लिहा, तारीख पूर्ण द्या, गाव द्या, फोटोग्राफरचं नाव द्या. भावना बघणाऱ्यावर सोडा.

पंचगंगाकाठ (रात्री १०.०५)

बरोबर आहे, 'जमाव' सवयीने आला. पाटी क्र. ४ आता अशी:

"वॉशिंग्टन, २८ ऑगस्ट १९६३. समान हक्क, मिश्र शाळा, राहण्याजोगी घरं आणि भेदभावाचा शेवट या मागण्यांचे फलक घेऊन चाललेले मोर्चेकरी. फोटो: वॉरन लेफ्लर, यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट संग्रह, लायब्ररी ऑफ काँग्रेस."